नको असलेल्या रंगाची पिल्ले

जर्मन शेफर्ड ही जात कागदोपत्री ज्या कुत्र्यापासून सुरू होते, त्या होरांड फॉन ग्राफराथचा आईकडचा आजोबा पांढरा होता. ग्राइफ हे त्याचे नाव. जर्मन घोडदळातला अधिकारी माक्स फॉन श्टेफानित्स याने १८९९ मध्ये होरांडला विकत घेतले, त्याच वर्षी जातीची संस्था काढली आणि तिच्या वंशनोंदवहीत पहिला क्रमांक होरांडला दिला. पुढे होरांडच्या मुला-नातवंडांत इतक्या जवळच्या नात्यात जोड्या लावल्या गेल्या की आजोबाचा पांढरेपणा जातीच्या रक्तात खोलवर मुरला. तरीही १९३३ मध्ये जर्मनीत पांढरा रंग मानकाबाहेर टाकला गेला आणि १९६८ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने पांढऱ्या जर्मन शेफर्डला प्रदर्शनात अपात्र ठरवले. वेतात पांढरे पिल्लू निघालेच, तर ते आईच्या कुशीतून उचलून संपवून टाकणे हे कित्येक वर्षे चांगल्या ब्रीडरचे कर्तव्य समजले जाई. युरोप-अमेरिकेतल्या काही लोकांनी मात्र ही पिल्ले जपली, वाढवली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने त्यांना ‘व्हाइट स्विस शेफर्ड’ या नावाने वेगळी जात म्हणून आधी तात्पुरती आणि २०११ मध्ये कायमची मान्यता दिली. कुत्रे तेच आणि रक्तही तेच. एका वहीत जो रंग दोष म्हणून लिहिला होता, तोच दुसऱ्या वहीत जातीची खूण म्हणून लिहिला गेला.

नवी मुंबईत आज शुद्ध जातीचे पिल्लू घ्यायला निघालेला माणूस ब्रीडरला आधी रंग विचारतो आणि मग वंशावळीचे पेपर. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, म्हणजे हे शहर जेमतेम अर्ध्या शतकाचे. पण इथल्या फ्लॅटमध्ये येऊन पोहोचलेला रंगाचा हा हट्ट दीडशे वर्षांचा आहे. ज्या नर-मादीच्या रक्तात मानकात न बसणारा रंग दडलेला आहे त्यांची पैदास करावी का, आणि केली तर त्या रंगाच्या पिल्लांचे काय करावे, हा प्रश्न ब्रीडर मंडळी आपापसात दबक्या आवाजात बोलतात आणि गिऱ्हाइकाला सहसा कळू देत नाहीत. माझे म्हणणे असे की केवळ रंगासाठी एखाद्या पिल्लाला किंवा जोडीला बाद करणे अनैतिक आहे, आणि केवळ रंगासाठी पिल्लाची किंमत चढवणेही तेवढेच अनैतिक आहे. जोडी लावावी की नाही हे त्या रंगामागे कुत्र्याच्या शरीरात काय घडते, यावर ठरायला हवे. रंगाचे नियम कसे घडले हे पाहिले, तर ते करणाऱ्यांनी हा विचार किती थोडा केला होता हे लक्षात येते.

इंग्लंडमधले पहिले मोठे श्वानप्रदर्शन १८५९ मध्ये न्यूकॅसलला भरले आणि तिथला केनेल क्लब १८७३ मध्ये स्थापन झाला. त्याआधीही माणूस कुत्र्यांची निवडून पैदास करत होता, पण ती कामाच्या हिशेबाने. मेंढ्या वळवणारा, पक्षी हुडकणारा, राखण करणारा अशी कुत्र्याची ओळख असे. प्रदर्शनाच्या रिंगणात यातले काहीच दाखवता येत नाही. परीक्षकासमोर काही मिनिटे उभ्या राहणाऱ्या कुत्र्याचे जे चटकन दिसते ते मोजले जाते, आणि रंगाइतके चटकन दुसरे काही दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक जातीच्या मानकात रंगाचे कलम आले, त्यापाठोपाठ ‘दोष’ आणि ‘अपात्र’ हे शेरे आले. ही कलमे लिहिणाऱ्या समित्यांत हौशी जमीनदार होते, शिकारीचा नाद असलेले लष्करी अधिकारी होते, आणि आपल्याच घरच्या कुत्र्यांचा रंग मानकात बसावा अशी इच्छा त्यांनाही होतीच. लॅब्रेडोर म्हणजे काळा कुत्रा, असा एकेकाळी संकेत होता. पिवळी आणि तपकिरी पिल्ले तेव्हाही जन्मत, पण ती गुपचूप नाहीशी केली जात. ‘बेन ऑफ हाइड’ हा पिवळ्या लॅब्रेडोरचा पहिला नोंदलेला नर, जन्म १८९९. आज वाशी-नेरूळच्या सोसायट्यांमध्ये संध्याकाळी फिरायला निघणारा फिक्या पिवळ्या रंगाचा लॅब्रेडोर हा अशा बाद ठरवलेल्या पिल्लांचाच वंशज आहे.

हे सगळे साहेबाबरोबर आपल्याकडे आले, आणि एकटे आले नाही. मुंबईत १८३२ मध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला होता आणि शहराचा व्यवहार ठप्प झाला होता. रस्त्यावरच्या कुत्र्याला ‘परिया’ म्हणणाऱ्या राज्यकर्त्यांनीच पुढे आपल्या कुत्र्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. प्रतिष्ठित कुत्रा म्हणजे कागद असलेला कुत्रा, ही समजूत तेव्हापासून इथे रुजली आणि स्वातंत्र्यानंतरही टिकली. देशी कुत्र्यांकडे गंभीरपणे पाहणारे थोडेच होते. मेजर डब्ल्यू. व्ही. सोमण यांचे ‘द इंडियन डॉग’ हे पुस्तक १९६३ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढले, त्याला म्हणूनच मोल आहे.

आपल्याकडे मुळात रंगाचा भेद नव्हता आणि तो सगळा बाहेरून आला, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह पडतो. पुरावा मात्र मिश्र आहे. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. तिथे चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा शुभ मानतात, पांढऱ्याशुभ्र नुकऱ्याला मागणी असते, आणि अंगावर नको त्या जागी भोवरा असला की चांगल्या चालीच्या जनावराचाही भाव पडतो. घोड्याची खोड काढताना त्याच्या फुप्फुसापेक्षा केसांच्या वळणाला जास्त महत्त्व देणारी माणसे आपल्यातच आहेत. दुसरीकडे लातूरकडची देवणी गाय पाहा. तिच्यात वानेरा, बालंक्या आणि शेवेरा असे तीन प्रकार आहेत. पांढऱ्या अंगाची पण तोंडाला काळी असलेली, जवळजवळ पूर्ण पांढरी आणि अंगभर काळे डाग असलेली, अशा तिघी एकाच जातीच्या मानल्या जातात, एकाच गोठ्यात राहतात. शेतकऱ्याने रंगाला नाव दिले, पण त्यावरून कुणाला जातीबाहेर काढले नाही. कुत्र्यांच्या बाबतीत दक्षिण महाराष्ट्राची रीत देवणीसारखीच होती. सांगली, सोलापूर, लातूरपासून सीमेपलीकडे विजापूर-बागलकोटपर्यंत कारवान कुत्री पाळली गेली. अंगाने सडपातळ, छाती खोल, पोट आत ओढलेले, मान लांब, आणि अंगावर आखूड केस. कान, पाय आणि शेपटीला लांब रेशमी केस असले तर ती पश्मी. माळरानावर ससा उठला की त्याच्यामागे सुटायचे आणि एका दमात गाठायचे, हे यांचे काम. काळा, तांबूस, राखी, बांडा असे सगळे रंग त्यांच्यात होते. काळ्या, लाल्या, बांड्या, चांद्या ही हाका मारायची नावे रंगावरून पडत. कुत्र्याची किंमत मात्र धावेवर ठरे, कारण ससा हातचा गेला तर कुत्र्याच्या रंगाने कालवण होत नसे.

आता रंगाच्या आनुवंशिकतेकडे वळू, कारण खरा युक्तिवाद तिथे आहे. नको असलेले बहुतेक रंग अप्रभावी जनुकांमुळे दिसतात. अशा जनुकाची एकच प्रत असलेला कुत्रा बाहेरून अगदी मानकाप्रमाणे दिसतो आणि तो वाहक आहे हे कुणाला कळत नाही. दोन वाहक एकत्र आले की सरासरीने चारातले एक पिल्लू त्या रंगाचे निघते. अमेरिकन आनुवंशिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स लिटल यांचे कुत्र्यांच्या रंगावरचे पुस्तक १९५७ मध्ये आले, तेव्हापासून तरी ही गोष्ट ब्रीडरांना माहीत आहे. तिचा एक साधा हिशेब करून पाहावा. एखाद्या जातीत शंभरातले एकच पिल्लू नको त्या रंगाचे जन्मत असेल, तर त्या जनुकाचे प्रमाण दहात एक इतके असते, आणि मग शंभरातली अठरा कुत्री वाहक निघतात. म्हणजे ते एक पिल्लू मारून जनुक कुठेच जात नाही. अठरा वाहकांच्या रक्तात ते सुखरूप राहते आणि पुढच्या पिढीत पुन्हा पिल्ले मारायची वेळ येते. पिढ्यान्‌पिढ्या पिल्ले मारूनही जर्मन शेफर्डमधला पांढरा रंग संपला नाही, तो यामुळेच. आता जनुकाची चाचणी निघाली आहे, तेव्हा सगळे वाहकच पैदाशीतून काढावेत असे कुणी म्हणेल. तसे केले तर एका रंगापायी जातीतले जवळजवळ एकपंचमांश प्राणी बाद होतील, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे निरोगी हृदय, घट्ट सांधे, शांत स्वभाव हेही जाईल. शुद्ध जातींचा साठा आधीच आटलेला असतो. भारतात तर २०१६ पासून व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणण्यावर केंद्राचे बंधन आहे, त्यामुळे इथल्या कित्येक जातींना असलेल्या रक्तावरच भागवावे लागते. अशा स्थितीत निरुपद्रवी रंगाच्या वाहकाला बाद करणे म्हणजे उरलेल्यांना अधिक जवळच्या नात्यात ढकलणे होय.

रंगाच्या आग्रहाने आरोग्याचे थेट नुकसान कसे होते, याचे सगळ्यात बोलके उदाहरण डाल्मेशियनचे आहे. डाल्मेशियनची पिल्ले जन्मतात तेव्हा पांढरीशुभ्र असतात, ठिपके साधारण दोन आठवड्यांत उमटू लागतात. काही पिल्लांच्या अंगावर मात्र, बहुतेक वेळा कानावर किंवा डोळ्याभोवती, जन्मतःच एक मोठा सलग काळा डाग असतो. त्याला ‘पॅच’ म्हणतात आणि मानकानुसार तो कुत्र्याला प्रदर्शनातून बाद करतो. जन्मल्या क्षणीच ओळखू येत असल्याने अशी पिल्ले लगेच वेगळी काढली जात. आता दुसरी बाजू पाहू. अमेरिकेतल्या पाहणीत डाल्मेशियनपैकी सुमारे ८ टक्के दोन्ही कानांनी आणि २२ टक्के एका कानाने बहिरे आढळले. कानाच्या आतल्या शंखाकृती नळीत रंगपेशी असतात, आणि त्या नसतील तर जन्मानंतर काही आठवड्यांतच ऐकू येण्याची यंत्रणा निकामी होते. ज्याच्या अंगावर पांढरेपणा फार, त्याच्या कानातही या पेशी न पोहोचण्याचा धोका जास्त. पॅच असलेल्या पिल्लात त्या डोक्यापर्यंत पोहोचल्या आहेत हे कातडीवरच दिसते, आणि प्रत्यक्षातही अशा कुत्र्यांत बहिरेपणा लक्षणीयरीत्या कमी आढळतो. म्हणजे ज्या डागासाठी पिल्लू बाद होई, तो डाग त्याच्या चांगल्या कानांची खूण होता. ठिपके वेगवेगळे आणि ठसठशीत हवेत या हट्टापायी, ऐकू येण्याची शक्यता जास्त असलेली पिल्लेच पिढ्यान्‌पिढ्या पैदाशीतून काढली गेली.

डाल्मेशियनची गोष्ट इथे संपत नाही. या जातीच्या शरीरात युरिक आम्लाचे विघटन नीट होत नाही, त्यामुळे विशेषतः नरांना मूतखडे होतात. जातीतले झाडून सगळे कुत्रे या दोषाचे निघाले. ठळक ठिपक्यांच्या निवडीबरोबरच तो दोष जातीत पक्का झाला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. रॉबर्ट शायबल या अमेरिकन आनुवंशिकशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एका डाल्मेशियनची जोडी पॉइंटर जातीशी लावली आणि नंतर प्रत्येक पिढी पुन्हा डाल्मेशियनशीच जोडत नेली. काही पिढ्यांत दिसायला डाल्मेशियन आणि मूत्राने निरोगी अशी कुत्री तयार झाली. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्यातल्या दोघांची नोंद केली, पण जातीच्या संस्थेतून विरोध झाल्यावर पुढच्या नोंदी थांबवल्या. ठिपके तितके रेखीव नाहीत, ही त्यावरच्या आक्षेपांतली एक तक्रार होती. ही कुत्री रीतसर स्वीकारायला २०११ साल उजाडले. मधली तीस वर्षे मूतखड्याने कळवळणाऱ्या कुत्र्यांच्या पैदाशीला मान होता आणि त्यावरच्या उपायाला दार बंद होते.

बॉक्सरमध्ये हा अन्याय आणखी उघड दिसतो. प्रदर्शनात पांढरी छाती, पांढरे पाय आणि तोंडावर पांढरी पट्टी असलेला बॉक्सर चटकन नजरेत भरतो. अशा कुत्र्यात पांढरेपणाच्या जनुकाची एक प्रत असते. अशा दोघांची जोडी लावली की चारातले एक पिल्लू जवळजवळ संपूर्ण पांढरे होणार, हे ब्रीडरला जोडी लावतानाच ठाऊक असते. मानक सांगते की पांढरा रंग अंगाच्या एकतृतीयांशाहून जास्त नसावा. म्हणजे बक्षिसासाठी जी जोडी मुद्दाम लावली, तिच्याच पोटी अटळपणे येणाऱ्या पिल्लाला दोषी धरायचे. एकरंगी बॉक्सरशी जोडी लावली तर हा प्रश्न उद्भवतच नाही, फक्त रिंगणातला झगमगाट थोडा कमी होतो. जोडी ठरवणाऱ्या माणसाची चूक अशा वेळी पिल्लाच्या माथी मारली जाते, आणि माझ्या मते या साऱ्या प्रथेतली सगळ्यात मोठी अनीती हीच आहे.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. काही रंग खरोखरच आजार घेऊन येतात, तेव्हा मानकाने रंगावर बंधन घालणे म्हणजे आरोग्यच जपणे नव्हे का? आक्षेपात तथ्य आहे, म्हणून रंगारंगांत फरक करावा लागतो. जर्मन शेफर्डच्या पांढऱ्या रंगात रंगपेशी जागच्या जागी असतात, त्या फक्त फिका रंग तयार करतात. नाक काळे, डोळे गडद, कान ठीक. या रंगाने कुत्र्याला काही होत नाही. डाल्मेशियन किंवा बॉक्सरच्या अतिपांढरेपणात रंगपेशीच पोहोचलेल्या नसतात, म्हणून कानाला धोका. मेर्ल या संगमरवरी नक्षीच्या रंगाची एक प्रत साधारणपणे निभावून जाते, पण दोन मेर्ल कुत्र्यांची जोडी लावली तर दोन प्रती मिळालेली पिल्ले बहिरी, अधू डोळ्यांची, कधी आंधळी जन्मण्याची मोठी शक्यता असते. काळ्याचा निळसर-राखी आणि तपकिरीचा रुपेरी करणाऱ्या जनुकामुळे काही जातींत केस झडतात आणि कातडी खराब होते. डोबरमनमध्ये १९७६ साली अमेरिकेत एक पांढरी मादी जन्मली. तिच्या वंशातल्या पांढऱ्या कुत्र्यांना उजेड सहन होत नाही, आणि एका अभ्यासात अशा २० पैकी १२ कुत्र्यांच्या अंगावर रंगपेशींच्या गाठी आढळल्या. अशा रंगाच्या कुत्र्यांची मुद्दाम पैदास करू नये, यात मला काहीच शंका नाही. पण मानके हा विवेक पाळतात का? मानकांनी निरुपद्रवी पांढऱ्या शेफर्डला हाकलले आणि बहिरेपणाकडे झुकलेल्या पांढऱ्या अंगाच्या डाल्मेशियनला डोक्यावर घेतले. ग्रेट डेनमध्ये पांढऱ्यावर काळ्या ठिगळांचा हार्लेक्विन मान्य, आणि ज्या मेर्ल जनुकावाचून हार्लेक्विन होऊच शकत नाही तो मेर्ल रंग अगदी अलीकडेपर्यंत अपात्र. आरोग्य पाहून नियम केले असते तर ते असे निघाले नसते. तुलनेने शहाणपणाचा मार्ग डोबरमनच्या अमेरिकन संस्थेने दाखवला. त्या मादीच्या नात्यातल्या कुत्र्यांच्या नोंदणी क्रमांकाला वेगळे अक्षर जोडले, म्हणजे जोडी लावणाऱ्याला वाहक आधीच कळावा. बंधन घालायचे ते असे, जोडी लावण्याआधी आणि सगळ्यांना दिसेल असे. पिल्लू जन्मल्यावर त्याला शिक्षा करून काही साधत नाही.

दुसरा आक्षेप जातीच्या अस्तित्वाचा. कुठलाही रंग चालवून घेतला तर जात उरणार कशी, असे जुने ब्रीडर कळकळीने विचारतात. त्यांच्या कळकळीबद्दल मला आदर आहे, कारण त्यातल्या कित्येकांनी पदरमोड करून जाती टिकवल्या. पण लॅब्रेडोर तीन रंगांत लॅब्रेडोरच राहिला आणि देवणी तीन रंगांत देवणीच. बांधा, चाल, स्वभाव, कामाची ओढ यांत जात असते, आणि हे गुण अनेक जनुकांनी मिळून घडतात. रंग हा बहुधा एका-दोन जनुकांचा खेळ असल्यामुळे तो बदलायला सर्वांत सोपा. म्हणूनच त्यावर एवढा भर दिला गेला.

आता नवी मुंबईकडे. इथे रंगाने बाद होणाऱ्या पिल्लांइतकाच गंभीर झालेला प्रकार उलट दिशेचा आहे. या शहराच्या सुरुवातीच्या वसाहतींत ‘पॉमेरेनियन’ म्हणून घरोघर आलेला कुत्रा बहुतेक वेळा भारतीय स्पिट्झ होता, आणि तो पांढराच हवा असे. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातल्या टफी या कुत्र्याने ती आवड आणखी वाढवली. २००३ च्या एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर पगची लाट आली. आता लाट ‘रेअर कलर’ची आहे. जो रंग मानकात दोष म्हणून लिहिलेला आहे, तोच दुर्मीळ म्हणून चढ्या भावाने विकायचा. गिऱ्हाइकाला वाटते आपल्याला काहीतरी खास मिळाले. खरे पाहता त्या रंगासाठी जवळच्या नात्यातल्या त्याच त्या चार कुत्र्यांत पुन्हा पुन्हा जोड्या लावलेल्या असण्याची शक्यता असते. ब्रिटनमधल्या लॅब्रेडोरांच्या २०१८ च्या अभ्यासात चॉकलेटी कुत्र्यांचे मध्यम आयुर्मान १०.७ वर्षे आणि बाकीच्यांचे १२.१ वर्षे निघाले. कानाचे आणि कातडीचे विकारही चॉकलेटींत जास्त होते. एका रंगापाठी धावताना साठा आटल्याचा हा परिणाम असावा, असा संशोधकांचा कयास आहे. रंग बाद करणारा आणि रंग महाग विकणारा, दोघेही कुत्र्याच्या कातडीकडे पाहून त्याचे आयुष्य ठरवतात.

याच शहरात २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीतली भटकी कुत्री निळी दिसू लागली. कासाडी नदीत आणि एका कारखान्याच्या आवारात पडलेला रंग त्यांच्या अंगाला लागला होता. प्राणिमित्रांनी तक्रार केली, छायाचित्रे जगभर गेली, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. लोकांचा संताप योग्यच होता. त्या कुत्र्यांचा निळा रंग काही पावसांत धुऊन गेला. जनुकातून आलेला निळसर-राखी रंग आणि त्यापायी झडणारे केस धुऊन जात नाहीत, आणि तो रंग तर गिऱ्हाईक पैसे मोजून विकत घेते. ज्या वर्षी तळोज्याची कुत्री निळी झाली, त्याच वर्षीच्या मे महिन्यात केंद्राने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम काढले. राज्य पशुकल्याण मंडळाकडे ब्रीडरने नोंद करावी, मादी दीड वर्षाची झाल्याखेरीज आणि आठ वर्षांनंतर फळवू नये, तिची आयुष्यात पाचांहून जास्त वेते घेऊ नयेत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये. नियम चांगले आहेत. त्यांच्यामागे उभा असलेला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मात्र पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड सांगतो. पेपरवाल्या एका पिल्लाच्या किमतीपुढे तो नगण्य आहे, आणि वेतातले एखादे पिल्लू नाहीसे झाले तर त्याची नोंद कुणाच्याच वहीत नसते.

शेवटचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. रस्त्यावर इतकी कुत्री उपाशी असताना शुद्ध जातीची पैदास करायचीच कशाला? ज्याला फक्त सोबत हवी आहे, त्याने सोसायटीच्या दारातले पिल्लू घरात घ्यावे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण हा युक्तिवाद कारवानपर्यंत नेला की अडतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार बंद केली, ते योग्यच झाले, पण त्याबरोबर या कुत्र्याचे पिढीजात काम गेले. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या कुत्र्याला आश्रय दिला आणि मुधोळ हाउंड हे नाव त्यावरून पडले. २००५ मध्ये त्याचे टपाल तिकीट निघाले, २०१६ मध्ये ही कुत्री लष्कराच्या प्रशिक्षणासाठी मेरठला गेली. अशी जात माणसांनी जाणीवपूर्वक पैदास केल्याशिवाय टिकणार नाही, आणि पैदास म्हटली की निवड आलीच. ती निवड कशी होऊ नये हे तमिळनाडूतल्या राजपालयमने दाखवले आहे. दुधासारखा पांढरा रंग आणि गुलाबी नाक हेच खरे, असे ठरल्यावर वेतातली काळी, तपकिरी, ठिपकेदार पिल्ले पूर्वी मारली जात, आणि राहिलेल्या पांढऱ्यांत बहिरेपणाची तक्रार कायम आहे.

कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजपालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ या जाती गेल्या काही वर्षांत नोंदवल्या आहेत. आता देशी कुत्र्यांची प्रदर्शने वाढतील, परीक्षक येतील, मानके अधिक घट्ट होतील, आणि न्यूकॅसलपासून जे घडत आले ते सांगली-सोलापूरच्या माळावर घडायला वेळ लागणार नाही. म्हणून कारवान आणि पश्मी पाळणाऱ्या मंडळींना, त्यांच्या संस्थांना आणि पशुवैद्यकीय विद्यापीठांना विनंती आहे की मानकात रंग वर्णनापुरताच लिहावा, बाद करण्यासाठी नको. वेतात जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाची, त्याच्या रंगासह, नोंद ठेवावी. आणि नवी मुंबईत पेपरवाले पिल्लू घेणाऱ्याने आई-बाप दोघेही डोळ्यांनी पाहावेत, पिल्लाचे कान आणि डोळे पशुवैद्याकडून तपासून घ्यावेत, या वेतात एकूण किती पिल्ले झाली आणि बाकीची कुठे आहेत हे ब्रीडरला स्पष्ट विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर पिल्लू न घेता परत यावे.